यादीतले नाव आणि नावातली अक्षरे

(रायपूर येथील ब्राह्मणपाऱ्यात युनियन कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गाचा विषय ऐकून काही जणांनी कपाळाला आठ्या घातल्या, हे आम्ही पाहिले. कोणी म्हणाले, "दादा, बोनसवर बोला, ठेकेदारी पद्धतीवर बोला, स्प्रेडशीटचे सूत्र आणि त्यातले अक्षरांचे फंक्शन हे बाबू लोकांचे काम." आम्ही त्याच ठेकेदारीवर बोलणार आहोत. फरक एवढाच की आज भाषणाची सुरुवात फाटकापासून न करता संगणकाच्या तक्त्यातल्या एका घरापासून करणार आहोत. कारण अलीकडे कामगाराचे नाव गळते ते बहुतेक वेळा तिथे.

या गावाला अक्षरांची किंमत सांगायला नको. शेजारच्या तात्यापाऱ्यापासून कंकाली तलावापर्यंतच्या या वस्तीत मराठी आणि छत्तीसगढी एकाच ओसरीवर बोलली जाते. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले आणि वामनराव लाखे यांनी त्याला साथ दिली. त्यानंतर वीस वर्षांनी, १९२० साली, ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली राजनांदगावच्या कापड गिरणीतील कामगारांनी मोठा संप केला. त्या काळी कामगाराचे नाव मुन्शीच्या वहीत असे. वही मुन्शीच्या हातात, म्हणून सत्ता मुन्शीच्या हातात. आज वही गेली आणि तक्ता आला, पण यादी ज्याच्या हातात त्याची सत्ता, हा न्याय बदललेला नाही.

संगणकाशी कामगार संघटनांचे नाते सरळ नव्हते, हे जुन्या साथींना आठवत असेल. कलकत्त्यात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी १९६०च्या दशकात संगणकाला विरोध केला. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी पुढे १९८३ आणि १९९३ साली यंत्रे आणि संगणक कोणत्या अटींवर येतील याचे करार केले. तो विरोध अडाणीपणाचा नव्हता. नोकरी कोणाची जाणार आणि फायदा कोणाला होणार, हा त्यातला प्रश्न होता. परंतु यंत्र आले, आता ते आपल्याला वाचता आले पाहिजे. न वाचता आलेल्या कागदावर आपण अंगठा उठवत नाही, मग न वाचता आलेल्या तक्त्यावर विश्वास का ठेवावा?

आता प्रत्यक्ष घडलेली हकीकत सांगतो. रायपूरच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात ठेकेदार बदलला. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. आमच्याकडे फाटकावरच्या हजेरीची यादी होती, तीत ८६ नावे. ठेकेदाराच्या माणसाने प्रॉव्हिडंट फंडात रक्कम भरल्याची यादी दिली. आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने दोन्ही याद्या संगणकावर शेजारी शेजारी ठेवून जुळवल्या. ३१ नावे सापडेनात. आम्ही लगेच पत्रक लिहायला बसलो: "एकतीस कामगारांचा निधी बुडवला!" छापखान्यात पाठवण्याआधी एका वयस्क बहिणीने विचारले, "दादा, माझं नाव दोन्ही याद्यांत आहे ना? मी तर डोळ्यांनी पाहतेय. मग हा बुडवलेल्यांत कसं लावलंत?" तिचे नाव खरोखरच दोन्ही याद्यांत होते. संगणकाला ते दिसत नव्हते. पत्रक तसेच गेले असते तर ठेकेदाराने तिला उभे करून आमचे सगळेच म्हणणे खोटे ठरवले असते.

असे का झाले, ते समजून घेऊ. त्यातच आजचा धडा आहे.

माणूस नाव वाचतो, संगणक खुणा मोजतो. आपल्याला 'रमेश काळे' दिसले की आपण माणूस ओळखतो. संगणकाच्या लेखी ती खुणांची एक माळ आहे. माळेच्या शेवटी एक मोकळी जागा जास्त असेल तर ती दुसरी माळ. ती जागा पडद्यावर दिसत नाही, कागदावरही दिसत नाही, पण जुळवणी तिथेच फसते.

म्हणून पहिले फंक्शन 'लेन'. हे मापाची पट्टी आहे. सूत्र लिहायचे =लेन(बी२). आम्ही ही नावे नागरीत सांगतो आहोत. पडद्यावर ती इंग्रजी अक्षरांतच टंकायची, आणि रकाना-ओळीचा पत्ताही तसाच. 'लेन' आपल्याला घरात एकूण किती खुणा आहेत ते सांगते. दोन याद्यांतले एकच नाव एकीकडे ११ आणि दुसरीकडे १२ भरले, की समजावे, कुठेतरी अदृश्य पाहुणा बसला आहे.

दुसरे फंक्शन 'ट्रिम'. हे झाडू आहे. नावाच्या आधीच्या आणि नंतरच्या मोकळ्या जागा काढून टाकते आणि मधल्या दोन-तीन जागांची एक करते. =ट्रिम(बी२). नवा रकाना घ्यायचा, त्यात हे सूत्र लिहायचे, खाली ओढायचे. मूळ रकान्याला हात लावायचा नाही. हे लक्षात ठेवा: ठेकेदाराने दिलेली यादी हा पुरावा आहे, पुराव्यावर झाडू मारत नाहीत.

तरीही काही नावे जुळत नाहीत. कारण संकेतस्थळावरून उचललेल्या मजकुरात एक वेगळ्या जातीची मोकळी जागा येते. तिचा क्रमांक १६०, आपल्या नेहमीच्या जागेचा क्रमांक ३२. दिसायला दोन्ही सारख्या. ट्रिम फक्त ३२ क्रमांकाची उचलतो. म्हणून तिसरे फंक्शन, 'सबस्टिट्यूट', म्हणजे बदली. =ट्रिम(सबस्टिट्यूट(बी२,कॅर(१६०)," ")). अर्थ असा की, बी२ मध्ये जिथे जिथे १६० क्रमांकाची खूण आहे तिथे साधी मोकळी जागा ठेव आणि मग झाडू मार. सूत्र नेहमी आतून बाहेर वाचावे, सबस्टिट्यूट आधी, ट्रिम नंतर. उलटे केले तर घाण तशीच राहील.

एवढे केल्यावर आमच्या ३१ पैकी १४ नावे सापडली. राहिली १७.

आता आपला खास मराठी प्रश्न. महाराष्ट्रात शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. इकडे स्वतःचे नाव आधी. आपल्या लोकांनी फाटकावर एक नाव सांगितले आणि कागदपत्रांवर दुसऱ्या क्रमाने ते लागले. त्यासाठी तीन फंक्शने: 'फाइंड', 'लेफ्ट' आणि 'मिड'. फाइंड एखादी खूण कितव्या जागेवर आहे ते सांगते. लेफ्ट डावीकडून ठरावीक खुणा कापते. मिड मधून कापते. त्याला कुठून आणि किती, दोन्ही सांगावे लागते. उजवीकडून कापणारे 'राइट' आहे. 'काळे रमेश गणपत' याचे 'रमेश गणपत काळे' करायचे, तर सूत्र असे: =मिड(सी२,फाइंड(" ",सी२)+१,लेन(सी२))&" "&लेफ्ट(सी२,फाइंड(" ",सी२)-१). पहिल्या मोकळ्या जागेनंतरचे सगळे उचल, त्याला एक जागा जोड, आणि पुढे पहिल्या जागेआधीचे आडनाव लाव. मधली '&' ही खूण म्हणजे जोडणारा दोरा. त्याच कामाला जुने फंक्शन 'कॉन्कॅटिनेट' आहे.

यात आणखी ८ नावे मिळाली. राहिली ९.

पण इथे सावधानता हवी. ज्याचे नाव एकाच शब्दाचे आहे त्याच्या घरात मोकळी जागाच नाही, मग फाइंड तिथे चूक दाखवते. आमच्या छत्तीसगढी भगिनींच्या नावापुढे 'बाई' असते. सूत्र त्याला आडनाव समजते आणि 'बाई'ला पुढे आणून बसवते. एका यादीत 'रामलाल', दुसरीत 'राम लाल'. सूत्राला माणूस ठाऊक नाही, त्याला खुणा ठाऊक आहेत. 'रामलाल'चा प्रश्न सगळ्या मोकळ्या जागा काढून, म्हणजे =सबस्टिट्यूट(सी२," ","") करून सुटतो. पण उरलेल्यांसाठी शेवटी आमच्या दोन कार्यकर्त्यांनी वस्तीत जाऊन विचारले. इंग्रजी लिखाणात कोणी वाघमारे 'व्ही'ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू'ने. कोणा देशपांड्यांच्या शेवटी हिंदी रिवाजाने 'वाय' लागतो. हे जगातले कोणतेही सूत्र खात्रीने सांगणार नाही. अशा रीतीने ४ नावे आणखी मिळाली.

राहिले ५. हे पाच खरे. या पाच जणांचा निधी भरलाच गेला नव्हता.

साथींनो, एकतीस आणि पाच यांतला फरक ध्यानात घ्या. एकतीसचे पत्रक निघाले असते तर आम्ही एका दिवसात खोटे पडलो असतो आणि त्या खोट्याच्या ढिगाऱ्याखाली हे पाच जण गाडले गेले असते. पाच नावांचे पत्र तारखांसह, हजेरीसह गेले तेव्हा उत्तर द्यावे लागले. तिघांची थकलेली रक्कम भरली गेली. दोघांचे भांडण अजून चालू आहे, आणि ते आम्ही सोडणार नाही. स्वच्छ यादी हे कामगाराच्या हातातले हत्यार आहे. घाणेरडी यादी आपल्याच पायावर पडते.

तुम्ही विचाराल, नावे कशाला जुळवायची, प्रत्येकाला निधीचा क्रमांक आहे ना? बरोबर आहे. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला बारा आकडी यूएएन क्रमांक मिळू लागला, नोकरी बदलली तरी तोच. आम्हीही आधी तोच मागितला. यादीत क्रमांकाचा रकाना होता, पण प्रत्येक घरात सारखेच काहीतरी, '१.०१ई+११'. बारा आकडे साध्या घरात टंकले की एक्सेल ते संख्या समजते आणि अशा आखूड रूपात दाखवते. एवढ्याने क्रमांक मरत नाही, आत तो शाबूत असतो. पण ती यादी स्वल्पविरामाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या फायलीत साठवली, की दिसते तेच साठते आणि खरा क्रमांक कायमचा जातो. हेतू असो वा नसो, परिणाम एकच.

बँक खात्याचे याहून वाईट. एक्सेल संख्येचे पंधराच आकडे जपते. सोळा आकडी खाते क्रमांक संख्या म्हणून टंकला तर शेवटच्या आकड्याचे शून्य होते. पगार जातो, पण आपल्या खात्यात नाही. आणि क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असेल तर ते गळून पडते.

यावर उपाय सोपा आणि आधी करण्याचा आहे: क्रमांक टंकण्यापूर्वी तो रकाना 'टेक्स्ट', म्हणजे मजकूर, म्हणून ठरवा. ज्या आकड्यांची बेरीज कधी करायची नाही, ती संख्या नव्हे, ते नाव आहे. खाते क्रमांक, यूएएन, आधार, विम्याचा क्रमांक ही सगळी आकड्यांत लिहिलेली नावे आहेत. सुरुवातीची शून्ये गळलीच असतील आणि एकूण आकडे किती ते ठाऊक असेल, तर =टेक्स्ट(डी२,"००००००००००००") याने बारा आकड्यांपर्यंत शून्ये परत भरता येतात. पण शेवटी शून्य झालेला सोळावा आकडा कोणत्याही फंक्शनने परत येत नाही. त्यासाठी पासबुकच काढावे लागते.

बँकेच्या आयएफएससी संकेताची तपासणीही याच फंक्शनांनी होते. त्यात अकरा खुणा: पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे नेहमी शून्य, शेवटच्या सहा शाखेच्या. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' टंकला जाणे ही नेहमीची चूक. =लेन(ई२) याचे उत्तर अकरा आणि =मिड(ई२,५,१) याचे उत्तर शून्य आले पाहिजे. १ एप्रिल २०२० रोजी अनेक सरकारी बँकांचे विलीनीकरण झाले आणि पुढे त्यांच्या शाखांचे संकेत बदलले. जुन्या याद्यांत जुने संकेत राहून गेलेले आम्ही पाहिले आहेत. =लेफ्ट(ई२,४) असा रकाना काढला की जुन्या बँकांची नावे लगेच वेगळी दिसतात.

याच्या उलट रोगही असतो, संख्या मजकूर बनून बसते. हजेरीच्या रकान्यात कोणी '२६ दिवस' लिहितो, कोणी नुसते २६. बेरजेचे फंक्शन 'सम' मजकुराला गुपचूप वगळते, आरडाओरडा करत नाही. खाली बेरीज येते, ती कमी असते, आणि तिच्यावर सही होते. म्हणून पाहायची सवय लावा. हात न लावलेल्या घरात संख्या उजवीकडे टेकते, मजकूर डावीकडे. डावीकडे टेकलेला २६ हा बेरजेत नसलेला २६ आहे. सबस्टिट्यूटने 'दिवस' काढा आणि 'व्हॅल्यू' फंक्शनने त्याला पुन्हा संख्या करा.

निधीची रक्कम भरताना मालकाने संगणकावर चढवायच्या फायलीकडेही एकदा पाहा. त्यात प्रत्येक कामगाराची एक ओळ असते: यूएएन, नाव, एकूण वेतन, निधीसाठीचे वेतन, आणि असे पुढे. रकान्यांच्या मध्ये '#~#' ही खूण असते. हिशेबनीस ती ओळ '&'च्या दोऱ्यानेच ओवतात. इथे एक बारीक गोष्ट आहे. समजा वेतन १२,३४५ रुपये, त्याचे बारा टक्के १,४८१.४० होतात. घराला दशांश लपवायला सांगितले तर पडद्यावर १,४८१ दिसतात. पण '&'ने जोडताना दिसते ते जात नाही, आत असते ते जाते, म्हणजे १४८१.४. म्हणून आधी 'राउंड' करून मग जोडायचे. संगणकाशी व्यवहार करताना घरात काय दिसते आणि घरात काय आहे, हा भेद कधी विसरू नये. ठेकेदाराशी करतानाही विसरू नये.

शेवटी नागरी लिपीबद्दल दोन शब्द, कारण आपल्या सभासद याद्या मराठी-हिंदीत आहेत. संगणक नागरीतल्या मात्रा, वेलांट्या आणि हलन्त वेगवेगळे मोजतो. 'श्री' आपल्याला एक अक्षर. 'लेन' चार सांगते. 'कृष्णा' याच्या सहा खुणा होतात, आणि लेफ्टने चार कापल्या तर पाय मोडका 'कृष्' उरतो. तेव्हा नागरी नावे मोजून कापू नका, मोकळ्या जागेवर कापा. 'छत्तीसगढ़'मधला नुक्ता असलेला 'ढ़' दोन प्रकारे साठवता येतो, एकाच खुणेने किंवा 'ढ' आणि नुक्ता अशा दोन खुणांनी. दिसतात एक, जुळत नाहीत. आणि आपल्या कचेऱ्यांत अजून कृतीदेवसारख्या जुन्या वळणाच्या फायली पडून आहेत. त्यांत वरून नागरी दिसते, आत इंग्रजी अक्षरे असतात. अशा यादीवर कोणतेही फंक्शन चालवण्याआधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी. 'काळे'चे हिंदी यादीत 'काले' होते, ते मात्र संगणकाचे पाप नव्हे, ते आपल्या दोन भाषांचे शेजारपण आहे. सबस्टिट्यूटने 'ळ'चा 'ल' करून तुलनेपुरता एक रकाना काढावा. सभासदाचे नाव मात्र त्याच्या स्वतःच्या उच्चाराप्रमाणेच ठेवावे.

हे सगळे करायला महागडी सामग्री लागत नाही. लिब्रे ऑफिस फुकट मिळते, त्यात ही सर्व फंक्शने आहेत. टेक्स्टजॉइन, टेक्स्टस्प्लिट अशी नवी फंक्शनेही पुढे आली, पण ती जुन्या आवृत्त्यांत नाहीत. आज सांगितलेली जुनीच फंक्शने शाखेच्या जुन्या संगणकावरही चालतात.

तर साथींनो, या वर्गातून उठताना चार कामे घेऊन उठा. प्रत्येक शाखेची सभासद यादी महिनाभरात तपासून स्वच्छ करा. मूळ यादी तशीच जपून ठेवा. नावाबरोबर यूएएन मजकूर म्हणून नोंदवा. ठेकेदाराकडे मागणी करा की फाटकावरच्या हजेरीपटावर आणि पगारचिठ्ठीवर तो क्रमांक असलाच पाहिजे, म्हणजे नावांच्या गोंधळात कोणाला लपता येणार नाही. आणि चौथे, सूत्राने जे नाव वगळले ते हातात घेऊन त्या माणसाच्या घरी जा. त्याला विचारल्याशिवाय यादीतून कोणालाही काढू नका.

ती वयस्क बहीण त्या दिवशी बोलली नसती तर आम्ही आज इथे वेगळेच भाषण करत असतो, बहुधा माफीचे. एकेका नावामागे तिच्यासारखा एक माणूस, त्याचे घर आणि त्याच्या म्हातारपणाची भाकरी आहे. एका मोकळ्या जागेपायी ती भाकरी हुकू द्यायची नाही, एवढा निर्धार करून आपण कामाला लागू.

कामगार एकजुटीचा विजय असो!